खानदेशच्या डोंगरांतील पावरी आणि तिचा वादक

बॅगपाइप हें वाद्य आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. लष्करी संचलनांत किंवा एखाद्या शहरी वरातींत बगलेंत पिशवी धरून तें वाजविणारे लोक आपण पाहतों. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखाचें वाद्य अशी त्याची जगभर ख्याति आहे. आपल्या देशांतहि गढवालच्या पहाडांत ‘मशकबीन’ या नांवानें तें लग्नकार्यांत रुळलें आहे. परंतु त्याच जातकुळीशीं नातें सांगणारें एक वाद्य आपल्या खानदेशांत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलें आहे, हें धुळें-जळगांवच्या पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें. त्या वाद्याचें नांव पावरी. आज तिच्याविषयीं, आणि तिच्याहून अधिक तिच्या वादकाविषयीं, चार शब्द सांगावयाचे आहेत.

धुळ्याहून पश्चिमेस साक्रीवरून पिंपळनेरकडे जाऊं लागलें कीं सपाट जमीन मागें पडते आणि सह्याद्रीच्या उत्तर टोंकाच्या रांगा लागतात. या डोंगराळ मुलखाचें एक अंग बागलाण, कळवण, सुरगाण्याकडे, तर दुसरें नवापूर आणि डांगाकडे पसरलें आहे. १९६० सालीं महाराष्ट्र व गुजरात हीं राज्यें झालीं तेव्हां डांग गुजरातेंत गेला; १९९८ सालीं नवापूर नव्या नंदुरबार जिल्ह्यांत गेलें. पण येथील कोकणा, मावची, भिल्ल या लोकांच्या पावरीनें या सीमा मानल्या नाहींत. नामसादृश्यामुळें एक गल्लत मात्र होऊं नये. चोपडें, यावल, शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुड्यांत राहणारे पावरा लोक निराळे. त्यांच्या होळीच्या ढोलाचें वर्णन हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

पावरीस लागणारें सारें साहित्य रानांत व परसांत मिळतें. वाळविलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, बैलाचें शिंग आणि हें सर्व हवाबंद जोडण्यास मधमाशांचें मेण. भोपळ्याच्या एका अंगानें फुंकावयाचें. दुसऱ्या अंगास, बोटांसाठीं भोंकें पाडलेल्या नळ्या बसविलेल्या असतात. नळ्यांच्या आंतल्या टोंकास चीर देऊन केलेली बारीक जीभ असते. वारा लागला कीं ती थरथरते आणि सूर उमटतो. खालच्या टोंकाचें शिंग त्या सुराला मोठेपणा देतें. वर मोरपिसें खोंवलीं कीं पावरी सजली. गारुड्याची पुंगी आणि वारली लोकांचा तारपा हीं हिचींच भावंडें होत. वारली चित्रांत नाचणाऱ्यांच्या वेटोळ्यामध्यें जो वादक दिसतो, तो तारपा वाजवीत असतो.

आतां बॅगपाइपाशीं हिचें साम्य कोठें आणि भेद कोठें तें पाहूं. दोहोंतहि ओंठ जिभेला लागत नाहींत. मध्यें हवेचा सांठा असतो आणि सूर अखंड चालतो. परंतु पिशवी मऊ असते. वादक श्वास घेतो तेव्हां कोपरानें ती दाबली कीं सूर सुरूच राहतो. भोपळा कठीण, तो दाबतां येत नाहीं. म्हणून पिशवीचें काम पावरीवाल्याला स्वतःच्या गालांकडून करवून घ्यावें लागतें. गालांत हवा भरून ती बाहेर लोटावयाची आणि त्याच क्षणीं नाकानें नवा श्वास आंत घ्यावयाचा. ही युक्ति सांगण्यास एक वाक्य पुरतें, अंगीं बाणण्यास वर्षें लागतात. ती पुस्तकांत नाहीं, स्वरलिपींतहि नाहीं. जाणत्या वादकाजवळ उभें राहून, त्याच्या गालांकडे पाहून, पोरसवदा वयांतच ती शिकावी लागते.

हें शिकणें मुख्यतः कोठें घडतें? डोंगऱ्या देवाच्या उत्सवांत. मार्गशीर्ष महिन्यांत, भात-नागली घरांत आल्यावर, नवस बोललेलीं गांवें हा उत्सव मांडतात. व्रत धरणाऱ्यांस ‘माउली’ म्हणतात. ते नेमानें राहतात, आसपासच्या वस्त्यांवर फिरतात, पावरीवाल्याभोंवतीं फेर धरून नाचतात, आणि शेवटीं पौर्णिमेच्या सुमारास डोंगरावर देवाच्या ठिकाणीं जातात. थाळीच्या सुरावर कथा सांगणारा असतो, भगत असतो; पण पाउलांची चाल पावरी ठरविते. तिचा सूर तुटला कीं फेर थांबला. असा मान असलेला हा मनुष्य इतर दिवसांत मात्र चारचौघांसारखा शेतकरी किंवा मजूर असतो. पावरीवर त्याचें पोट चालत नाहीं.

आणि खरी अडचण येथेंच आहे. साक्री-नवापूरकडची कोरडवाहू उतारांची शेती बारा महिने पोसत नाहीं. १९५० नंतर दक्षिण गुजरातेंत बारडोली व इतरत्र सहकारी साखर कारखाने उभे राहिले, तसे खानदेशांतील आदिवासी मजूर ऊसतोडीस जाऊं लागले. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते. दिवाळी आटोपतांच नवरा-बायको ‘कोयता’ म्हणून निघतात, बरोबर मुलेंहि जातात. गळिताचा हंगाम दिवाळीनंतर, आणि डोंगऱ्या देव मार्गशीर्षांत! ज्या पंधरवड्यांत मुलानें वादकाजवळ उभें राहावयाचें, त्याच पंधरवड्यांत तें उंसाच्या फडांत, पालांत असतें. पावरी कोणी बंद पाडलेली नाहीं. शिकण्याची वेळच कोणी विकत घेतली आहे.

कोणी म्हणेल, आतां ध्वनिमुद्रण सोपें झालें आहे, मग चिंता कसली? ध्वनिमुद्रणानें सूर राहील, श्वास घेण्याची विद्या राहणार नाहीं. सत्कारानेंहि काम अर्धेंच होतें. पालघर जिल्ह्यांतील तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण सत्कारास एक दिवस लागतो, शिष्यास अनेक मार्गशीर्ष लागतात. शहरच्या मिरवणुकींत पावरीवाल्यास पांच मिनिटें उभें करून, हातावर नारळ ठेवून परत पाठविणें म्हणजे कलेची सेवा नव्हे. त्याला वादकाची बिदागी द्यावी, आणि त्याच्या मुलाला गांवींच काम व गांवींच शाळा मिळावी, हें खरें साहाय्य.

तेव्हां श्रोतेहो, पुढच्या मार्गशीर्षांत पिंपळनेरच्या बाजूस रात्रीं दुरून घुमणारा सूर कानीं पडला, तर क्षणभर थांबा. सूर किती वेळ तुटत नाहीं तें पाहा. आणि वादकाजवळ एखादा मुलगा उभा आहे कीं नाहीं, तेंहि पाहा.