जुन्या सायकलीच्या ब्रेकला घरगुती आधार

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या दोन तालुक्यांत सपाट रस्ता थोडा, चढउतार फार. जांभ्या दगडाचा सडा संपला की रस्ता एकदम खाली कुळागराकडे नाहीतर नदीकडे धावतो. मोपाच्या सड्यावर २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. तरी गावोगाव पाव पोहोचवणारा पोदेर अजूनही सायकलीवर दिसतो. मागे बांबूची मोठी टोपली, तिच्यात पोई आणि उंडे, हँडलाला रबरी भोंगा. एवढ्या ओझ्यानिशी, भर पावसात, उतारावर सायकल थांबवणे ही ब्रेकची खरी परीक्षा होय. पुष्कळदा सायकल जुनी असते आणि ब्रेक मागाहून बदललेला असतो. नव्या ब्रेकची केबल धरण्याची सोय जुन्या सांगाड्यावर नसते. मग ती काथ्याने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली जाते, आणि तेथूनच घोटाळ्याला आरंभ होतो.

जुन्या घडणीच्या सायकलीला सळईचे ब्रेक असत. मूठ ओढली की एक सळई दुसरीला ओढी आणि रबरी गुटके रिमच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडच्या अंगाला दाबले जात. केबलच नसल्यामुळे तिच्यासाठी सांगाड्याला कान ठेवण्याचे कारण नव्हते. शिवाय त्या रिमच्या कडा बाजूने गोल असतात. चिमट्यासारखे दाबणारे नवे गुटके त्यांवर नीट बसत नाहीत. म्हणून ब्रेक बदलताना आधी सपाट कडेची रिम घालणे आवश्यक आहे. रिम तीच ठेवून नुसता ब्रेक बदलून देणारे कारागीर आहेत; त्यांचे काम पहिल्याच उतारावर उघडे पडते.

आता केबलीकडे वळू. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये जिचे पेटंट घेतले ती ही युक्ती वरवर साधी दिसते. आत पिळलेली तार, बाहेर घट्ट वेटोळ्यांचे आवरण. कारागीर त्याला आऊटर म्हणतात. पिशवीच्या तोंडाची नाडी ओढली की कापड गोळा होते. कापड हाताने अडवून धरले तरच नाडी बाहेर येते. येथे नाडी म्हणजे तार आणि कापड म्हणजे आऊटर. तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने आऊटर दाबली जाते. म्हणून आऊटर जेथे संपते तेथे तिला अडवणारा भक्कम आधार हवा. मधल्या भागात मात्र ती लोंबू नये एवढेच पाहायचे असते. अडवणे निराळे आणि धरणे निराळे. घरी केलेली क्लिप धरण्याचे काम उत्तम करते; अडवण्याचे काम तिच्यावर टाकू नये.

कारखान्यातून आलेल्या काही सायकलींत वरच्या दांड्यावर आऊटर तोडलेली असते आणि मधला भाग उघड्या तारेचा असतो. त्याची नक्कल करून दोन पट्ट्या आवळल्या, तर प्रत्येक दाबासरशी त्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि रंगवलेल्या गोल दांड्यावरून हळूहळू सरकतात. मूठ पूर्ण दाबली तरी तार फार तर दीड-दोन सेंटिमीटर सरकते. त्यातील अर्धा सेंटिमीटर पट्टीच्या घसरणीने खाल्ला, म्हणजे मूठ हँडलाला टेकते आणि चाक फिरतच राहते.

यावर उपाय असा, की आऊटर मध्ये तोडूच नये. ती मुठीपासून मागच्या ब्रेकपर्यंत अखंड न्यावी. दोन्ही टोकांना अडवण्याची सोय मुठीत आणि ब्रेकमध्ये मुळातच असते. घर्षण किंचित वाढते खरे. पण पावसाचे पाणी आणि तांबडी माती आत शिरण्याची वाट बंद होते, हा लाभ मोठा आहे.

क्लिपसाठी पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. साधे लोखंड पहिल्याच पावसाळ्यात गंजते. पट्टीची रुंदी १२ मिलिमीटर पुरे. जुन्या सांगाड्याचा खालचा दांडा बहुधा एक इंच एक सूत जाडीचा असतो. त्याचा घेर ९० मिलिमीटर भरतो. आत जुन्या ट्यूबचे रबर घालायचे म्हणून ६ आणि दोन कानांसाठी २४ मिळवले, की लांबी १२० होते. त्यातून दोन-तीन मिलिमीटर कापून टाकावेत. दोन्ही कान एकमेकांना टेकले तर बोल्ट कितीही आवळा, दांडा सैलच राहतो. आऊटरसाठी दुसरी लहान पट्टी, सुमारे ४५ मिलिमीटरची, सहा मिलिमीटरच्या सळईभोवती वळवावी आणि तिची टोके त्याच बोल्टाखाली घ्यावीत. बोल्ट चार मिलिमीटरचा, सोबत स्प्रिंग वॉशर. कडा कानशीने घासल्याशिवाय क्लिप चढवू नये.

दांड्यावर तीन आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर एक, एवढ्या क्लिपा भागतात. हँडलापाशी इतकी सैल ठेवावी की ते दोन्हीकडे पूर्ण वळताना केबल ताणली जाऊ नये. टायर आणि पायडल यांपासून ती दूर असावी. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक बसवला असेल तरी हीच क्लिप चालते, कारण त्याच्या नळीलाही मध्ये केवळ धरायचेच असते. मात्र ती चेपली किंवा मुडपली जाता कामा नये. जागच्या अडचणीमुळे केबल तोडणे अटळच असेल, तर जाणत्या कारागिराकडून सांगाड्याला पितळी झाळ देऊन कान बसवून घ्यावा.

काम झाल्यावर प्रत्येक क्लिपच्या कडेला दांड्यावर रंगाची बारीक रेघ ओढावी. सायकल उभी ठेवून मूठ सर्व शक्तीने दहा वेळा दाबावी. मग टोपलीत पावाच्या वजनाइतकी रेती भरून सपाट रस्त्यावर चालवावी आणि रेघा तपासाव्यात. पावसाच्या पहिल्या आठवड्यानंतर त्या पुन्हा पाहाव्यात. रबर त्या सुमारास दबते आणि बोल्टाला आणखी अर्धा फेरा द्यावा लागतो.