रंधा मशीनचा भाव कोणी करायचा?

खामगावची गोष्ट सांगायला बसलेला माणूस कापसापासून सुरुवात करतो. 1870 मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच. पुढे जिन आले, प्रेस आले, चांदीच्या बाजाराने नाव कमावलं. हे सगळं छापून झालेलं आहे. संपादकांनाही बंद जिनांवरच लेख हवा होता. तो राहिला, कारण एका पत्र्याच्या शेडमध्ये बारा इंची रंधा मशीनचा सौदा चालला होता आणि तिथून माझा पाय निघेना.

मशीन एका वारलेल्या सुताराचं. मुलगा चाकणला नोकरीला. त्याने नव्या मशीनचा भाव विचारला आणि फोनवर त्याच्या निम्मे मागितले. भंगारवाला किलोच्या वर सरकायला तयार नव्हता. दोघांचेही आकडे मशीनला हात न लावता आलेले. मग शेजारच्या गावचा एक मिस्त्री बोलावला. त्याने आधी भाव विचारलाच नाही, बटण कुठे आहे ते विचारलं.

रंधा मशीन म्हणजे बिडाची दोन टेबलं आणि त्यांच्या मधे फिरणारा, पाती बसवलेला गोल ब्लॉक. मागचं टेबल पात्याच्या टोकाशी बरोबर एका पातळीत लागतं, पुढचं जेवढं सोलायचं तेवढं खाली. एवढंच यंत्र, पण त्यातला सगळा जीव त्या दोन टेबलांच्या सरळपणात असतो. मिस्त्रीने वीज बंद ठेवून मागच्या टेबलावर लाकडाची सरळ पट्टी ठेवली आणि ब्लॉक हाताने हळूच फिरवला. पात्याने पट्टी जराशी पुढे ओढली. तिथे पेन्सिलची खूण केली, मग टेबलाच्या दुसऱ्या कडेला तेच. दोन्हीकडे पट्टी सारखीच सरकली, म्हणजे पातं टेबलाशी समांतर. नंतर मशीन चालू केलं, बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली. एका बाजूला खरखर होती.

मालकाकडच्यांनी चाचणीला पॅकिंगच्या खोक्यातली पाइनची फळी पुढे केली होती. मिस्त्रीने ती बाजूला सारून बाभळीच्या दोन फळ्या आणवल्या. पाइनवर कोणतंही मशीन शहाणं वाटतं, खरं खोटं बाभळीवर कळतं. दोन्ही फळ्यांच्या कडा रंधून त्याने एकमेकींवर ठेवल्या आणि उजेडाकडे धरल्या. मधे बारीक फट दिसली. अशा जोडीत चूक दुप्पट दिसते, म्हणून कसब असलेला माणूस एका कडेवर विसंबत नाही. टेबल किंचित ढळलेलं होतं. सुधारता येईल इतपतच.

यानंतर हिशेब. आकडे समजण्यापुरते घ्या. तसंच नवं मशीन 80,000 रुपयांना येतं असं धरू. चांगलं जपलेल्या जुन्याला त्याचे निम्मे, म्हणजे 40,000. यातून बेअरिंग 1,500, नवी पाती 2,000, मोटरचं वाइंडिंग 5,000, टेबल घासून घेणं 6,000, वाहतूक 3,000. उरले 22,500. उलट भंगाराचा हिशेब : 350 किलो, किलोला 30 रुपये, 10,500. मुलाचे 40,000 आणि भंगारवाल्याचे 10,500, यांच्या मधे खरा भाव होता, आणि तो बटण दाबल्याशिवाय सापडणारा नव्हता.

वहीखात्याचा घसारा इथे फारसा कामाचा नाही. आयकरात यंत्रांवर साधारण दरसाल 15 टक्के घसारा धरतात. लाखाचं यंत्र दहा वर्षांत कागदावर वीस हजारांच्या आत येतं. बिडाला हे ठाऊक नसतं. ओतकामातला ताण वर्षानुवर्षं बसून निघून गेलेला असतो, त्यामुळे जुनं टेबल एकदा नीट घासलं की सहसा परत वाकडं होत नाही. जुनं असणं हा इथे गुण ठरतो.

एका बाबतीत मात्र माझं मत कठोर आहे. ब्लॉक गोल नसून चौकोनी असेल, तर मशीन कितीही गुळगुळीत चालो, त्याचा योग्य भाव भंगाराचाच. चौकोनी ब्लॉक आणि टेबल यांच्या मधल्या मोठ्या खाचेत बोट ओढलं गेलं की नुसतं कातडं जात नाही. ब्रिटनने 1922 च्या नियमांत हाताने लाकूड सरकवायच्या रंधा मशीनवर गोल ब्लॉक सक्तीचा केला. आपल्याकडे असलं धूड कोणी स्वस्तात विकत असेल, तर स्वस्ताई कोणाच्या बोटांवर चालली आहे ते पाहावं.

इतकं सरळ असतं तर भांडण उरलं नसतं. पण गिऱ्हाईकच घटलं आहे. दारं लोखंडाची नि पीव्हीसीची झाली, कपाटं प्लायची, बैलगाडीची चाकं टायरची. प्लायला रंधा लागत नाही. त्यात थ्री फेजचं मशीन सिंगल फेज असलेल्या गावात न्यायचं, तर मोटर बदलण्याचा खर्च भावातून वजा होतो. 2023 मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारांना हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आणि 5 टक्के व्याजाचं कर्ज आहे. पण जुन्या मशीनला पक्कं बिल बहुधा नसतं, आणि बिल नसलं की बँक हात आखडते. मग घेणारा रोख शोधतो, आणि रोखीत दलाल शिरतो.

सगळ्यात मोठा गुंता आरामशीनचा. डिसेंबर 1996 मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वनक्षेत्रातल्या आरागिरण्यांवर टाच आणली, ऑक्टोबर 2002 मध्ये पूर्वपरवानगीशिवाय नव्या गिरण्यांना मज्जाव केला. 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर हे काम राज्यस्तरीय समितीकडे आलं. परिणाम असा की गिरणी विकायला निघाली की पट्टा करवत फुकटात आणि भाव परवान्याला, असा व्यवहार ठरतो. परवाना हा काही यंत्राबरोबर ट्रॅक्टरमध्ये चढवून न्यायचा माल नाही. जागा नि नाव बदलायला वनखात्याची मंजुरी लागते. हे न कळता लाखांचा इसार देणाऱ्याला शेवटी हातात उरते ती बिडाची दोन चाकं. यंत्राचा भाव आणि परवान्याचा भाव वेगवेगळ्या कागदांवर लिहा, आणि दुसरा कागद वनखात्याचं पत्र हाती येईपर्यंत कोरा ठेवा.

घरात वारलेल्या मिस्त्रीचं मशीन पडून असेल तर आधी वीजजोडणी तोडू नका आणि मोटर काढून वेगळी विकू नका. चालू स्थितीत ते एखाद्या मिस्त्रीला दाखवा आणि त्याला त्याच्या तपासणीचे पैसे द्या. भंगारवाल्याला त्यानंतर बोलावलं तरी चालतं.