घरात फायर एक्स्टिंग्विशर: कोणता घ्यायचा आणि वेळेला कसा चालवायचा?



आपल्यापैकी कितीतरी जण घरातूनच धंदा करतात. कुणाचे डबे, कुणाचा फराळ, कुणाचं शिवणकाम. माल, मशीन आणि घरची माणसं एकाच छपराखाली. म्हणून आजचा विषय घरासाठीही आहे आणि धंद्यासाठीही.

कोणता घ्यायचा?

घरासाठी एकच घ्यायचा असेल तर एबीसी पावडरचा घ्या. 'ए' म्हणजे लाकूड, कापड, कागद. 'बी' म्हणजे पेट्रोल, थिनरसारखे द्रव. 'सी' म्हणजे गॅस. विजेच्या आगीवरही तो चालतो, पण पावडर मशीनमध्ये शिरून नुकसान करते. कॉम्प्युटर, महागडी मशीन असतील तिथे सीओटू बरा. तो मागे काही ठेवत नाही. मात्र लहान बंद खोलीत मारल्यावर लगेच बाहेर पडा, कारण तो श्वासाची हवा कमी करतो.

२ किंवा ४ किलोचा पुरतो. घरातल्या प्रत्येकाला उचलता आला पाहिजे, हा खरा निकष. आयएसआय मार्क, भरल्याची तारीख आणि काटा हिरव्या पट्ट्यात, हे तिन्ही बघूनच पैसे द्या. सीओटूला काटा नसतो, तो वजनावर तपासतात.

कुठे लावायचा?

गॅसच्या शेगडीवर नको! आग तिथेच लागली तर हात कसा घालणार? बाहेर पडायच्या दाराजवळ, सहज दिसेल असा लावा.

कसा चालवायचा?

१. पाठीशी बाहेर पडायची वाट ठेवा. आगीपासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा.
२. पिन ओढा.
३. नळी आगीच्या बुडाशी धरा, ज्वाळांवर नाही.
४. दांडा दाबा आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवा.

लहान सिलिंडर साधारण १० सेकंदांत संपतो, त्यामुळे प्रयोग करायला वेळ नसतो. पिन कुठे आहे ते घरच्या सगळ्यांना आजच दाखवा.

कढई आणि गॅस: इथे नीट लक्ष द्या

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात टाकायचं नाही. तेल पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल घरभर उडतं. गॅस बंद करा, मोठं झाकण किंवा परात सरकवत झाका आणि थंड होईपर्यंत उघडू नका. कढई उचलून मोरीत न्यायची नाही. एक्स्टिंग्विशरही जवळून मारला तर जोराने तेल उडतं.

गॅसच्या नळीला आग असेल तर जमल्यास आधी रेग्युलेटर बंद करा. नुसती ज्वाळा विझवली आणि गॅस येत राहिला, तर तो खोलीत साठून भडका उडतो.

कधी सोडून पळायचं?

खोली धुराने भरली, आग छताकडे चढली किंवा एक सिलिंडर संपूनही विझली नाही, तर सगळ्यांना घेऊन बाहेर. मागे दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ लावा. गल्ल्यासाठी, मालासाठी परत आत जायचं नाही. माल पुन्हा भरता येतो.

महिन्यातून एकदा

काटा, पिन, सील, नळी बघा. थोडासा वापरला तरी रिफिल करा, कारण दाब हळूहळू निघून जातो. दुकानाचं भाडं देता त्याच तारखेला ही तपासणी ठेवा, म्हणजे विसरणार नाही.