संकेतस्थळावरील अधिकार : कोणास, किती व का?



संस्थेच्या संकेतस्थळासाठी लिहिण्यास निरनिराळ्या समित्यांचे सदस्य उत्साहाने पुढे येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यासोबत ‘आम्हांसही पूर्ण अधिकार असावेत’ अशी अपेक्षा व्यक्त होते आणि कमी अधिकार मिळाल्यास तो मानाचा प्रश्न होऊ शकतो. म्हणून या अधिकारांची रचना कशी असते आणि ते देताना कोणता विचार करावा, हे येथे मांडीत आहोत.

पाच भूमिका

संकेतस्थळावरील मजकूर लिहिणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यासाठी जी संगणक प्रणाली लागते, तिच्यात वर्डप्रेस ही सर्वपरिचित आहे. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी ती २००३ साली सुरू केली. आरंभी तिच्यात प्रत्येक वापरकर्त्यास शून्य ते दहा अशी पायरी दिली जाई. २००५ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून पायऱ्यांच्या जागी कामावरून ठरणाऱ्या भूमिका आल्या. त्या पाच आहेत.

सब्स्क्रायबर यास केवळ प्रवेश करून स्वतःची माहिती सांभाळता येते.

कॉन्ट्रिब्यूटर लेख लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. तसेच छायाचित्रेही चढवू शकत नाही. त्याचा लेख एकदा प्रसिद्ध झाला की त्यात त्यास स्वतः बदल करता येत नाही.

ऑथर स्वतःचे लेख प्रसिद्ध करतो, दुरुस्त करतो, काढूनही टाकतो आणि छायाचित्रे चढवितो. इतरांच्या लेखनास मात्र तो हात लावू शकत नाही.

एडिटर कोणाचाही लेख तपासून प्रसिद्ध करू शकतो किंवा काढून टाकू शकतो.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर याच्या हाती सर्वच असते : संकेतस्थळाचे रूप, जोड-प्रणाली, नवे वापरकर्ते नेमणे व जुने काढणे.

सूचना निराळी, स्थायी पान निराळे

वर्डप्रेसमध्ये मजकुराचे मुख्य प्रकार दोन : पोस्ट व पेज. उत्सवाची सूचना, वृत्तान्त, लेख या पोस्ट होत. संस्थेची माहिती, नियम, देणगीसाठी बँकेचा खाते क्रमांक ही स्थायी स्वरूपाची पेज होत. कॉन्ट्रिब्यूटर व ऑथर यांना पेज बदलता येत नाही; तो अधिकार एडिटरपासून पुढे सुरू होतो.

हा भेद लहान दिसतो, पण त्यातच सर्वांत मोठे संरक्षण आहे. समजा, एखाद्याचा पासवर्ड परक्याच्या हाती गेला. तो कॉन्ट्रिब्यूटरचा असेल तर फार तर एक अप्रसिद्ध मसुदा बिघडेल. तो एडिटरचा वा अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा असेल तर देणगीच्या पानावरील खाते क्रमांक बदलता येईल. पान दिसण्यास पूर्वीसारखेच राहील आणि दूरगावच्या भाविकाने श्रद्धेने पाठविलेली रक्कम भलत्याच खात्यात जाईल. म्हणून खाते क्रमांक सूचनेत पुन्हा न लिहिता, सूचनेतून देणगीच्या पानाचा दुवा द्यावा, हे उत्तम.

अधिकार हा मान नव्हे

जेरोम साल्टझर व मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली सुरक्षिततेची जी तत्त्वे मांडली, त्यांत एक असे आहे की, प्रत्येकास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. दानपेटी एकट्याने न उघडता दोघांच्या समक्ष उघडण्याच्या रीतीत कोणी अविश्वास पाहत नाही; उलट त्यामुळे किल्ली बाळगणाराही संशयापासून मुक्त राहतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. अध्यक्षांनी वर्षभरात एकही सूचना स्वतः चढवावयाची नसेल, तर त्यांच्या नावे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे खाते असणे म्हणजे न वापरला जाणारा एक दरवाजा उघडा ठेवणे होय.

तथापि कामापुरता म्हणजे अपुरा नव्हे. पालखीची वेळ पावसामुळे ऐन सायंकाळी बदलली आणि सूचना देणारा कॉन्ट्रिब्यूटर असला, तर एडिटर भेटेपर्यंत भाविक जुन्याच वेळेस ताटकळतील. यास्तव उत्सव समितीतील एका जबाबदार सदस्यास ऑथर करणे युक्त ठरते. छायाचित्रे चढविणाऱ्यासही तीच भूमिका लागते. प्रथमच लिहिणाऱ्यांस कॉन्ट्रिब्यूटर करावे. एडिटर एक-दोनच असावेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मात्र दोन हवेत, कारण एकटा असलेला आजारी पडला वा यात्रेस गेला तर सारे काम अडते.

एक व्यक्ती, एक खाते

सोयीसाठी एकच नाव व पासवर्ड चौघांनी वापरणे टाळावे. वर्डप्रेस लेखाच्या पूर्वीच्या आवृत्त्या जपून ठेवते आणि प्रत्येक बदलापुढे तो करणाऱ्याचे नाव नोंदविते. चौघांचे नाव एकच असेल तर चूक कोणाच्या हातून झाली हे कळत नाही, व निर्दोष व्यक्तीवरही बोट दाखविले जाते.

कार्यभार सोपविताना

कार्यकारिणी बदलली की दप्तर व किल्ल्या नव्या मंडळाकडे जातात. त्याच दिवशी वापरकर्त्यांची यादीही तपासावी. निवृत्त सदस्याचे खाते काढताना प्रणाली विचारते की, त्यांचे लेखन पुसावे की दुसऱ्याच्या नावे करावे. येथे घाई केल्यास अनेक वर्षांचे लेख नाहीसे होण्याचा संभव असतो. केवळ त्यांची भूमिका काढून घेतली, तर लेख व त्यांवरील नाव दोन्ही राहतात. तोच मार्ग आम्हांस उचित वाटतो.

शेवटी एक महत्त्वाचे. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी व ते ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते तेथील खाते, हे या पाचही भूमिकांच्या वरचे आहे. ते कोणा व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्याच नावे व संस्थेच्याच ई-मेलवर असावे.

सेवा करणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्याच्या लेखाखाली दिसतेच. त्यासाठी मोठ्या भूमिकेची गरज नाही. सर्व सदस्यांनी आपापले काम व त्यास लागणारी भूमिका ठरवून कार्यालयास लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपला,
सचिव
विश्वस्त मंडळाकरिता