गावचा वायरमन हुशार आहे, पण त्याच्याकडे परवाना आहे का?

पातूर : गावात वायरमन म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो खिशात टेस्टर ठेवणारा, एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली पाच-सात वर्षं काढून तयार झालेला पोरगा. रात्री अकरा वाजता फोन केला तरी येतो, मोटरचा स्टार्टर खोलून बसतो, पैसे उद्या दिले तरी चालतात. त्याचा हात चांगला असतो, यात शंका नाही. मात्र कायदा हात पाहत नाही, कागद पाहतो. आणि तो कागद कोणता, याबाबत शिर्ल्यापासून आलेगावपर्यंत बराच गोंधळ आहे.

नियम नवा नाही. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच लिहून ठेवलं होतं की वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचं. 2003 मध्ये नवा वीज कायदा आला, 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले आणि 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. भाषा बदलली, पण मूळ गोष्ट तीच राहिली. एका कामाला तीन माणसं लागतात. शासनाची अनुज्ञप्ती असलेला विद्युत कंत्राटदार, सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक, आणि प्रत्यक्ष हात लावणारा परवानाधारक तारतंत्री, म्हणजे आपला वायरमन. महाराष्ट्रात हे कागद अनुज्ञापक मंडळ देते.

मग घरचा बल्ब बदलायलाही परवाना लागतो का? नाही. 250 व्होल्टपर्यंतचे बल्ब, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरणं जशीच्या तशी बदलणं यातून वगळलं आहे. अट एकच, मूळ फिटिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. जुन्या लाइनवर नवीन खोली जोडणं, कूलरसाठी वेगळी वायर ओढणं हे त्यात बसत नाही. विहिरीवरची थ्री फेज मोटर तर नाहीच, तिथे दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात.

खरा गोंधळ प्रमाणपत्रांचा आहे. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वेगळे ट्रेड आहेत, दोन्ही दोन-दोन वर्षांचे. 2013 ला सेमिस्टर पद्धत आली, 2018 पासून पुन्हा वार्षिक झाली, पेपरही आता कॉम्प्युटरवर द्यावा लागतो. पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. पुढे एखाद्या कंपनीत किंवा महावितरणमध्ये शिकाऊ उमेदवारी केली की त्याचं वेगळं प्रमाणपत्र. बरीच पोरं इथेच थांबतात आणि समजतात की आपण परवानाधारक झालो. हे शिक्षणाचे कागद आहेत. परवाना त्यानंतर मंडळाकडे अर्ज करून घ्यावा लागतो.

तसंच कौशल्य विकास योजनेचं. अनुभवाने शिकलेल्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या मिस्त्रीसाठी ती चांगलीच आहे, नोकरीला उपयोगी पडते. पण तो कागद दाखवून कोणी म्हणालं की मला लायसन आहे, तर ते बरोबर नाही. आणखी एक, 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहार, सुतार, गवंडी आहेत, वायरमन नाही. त्या नावाने फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर देऊ नका.

आता शेतात आणि घरावर सोलर आलं, त्यामुळे जुन्या मिस्त्रीचीही परीक्षा आहे. साध्या लाइनचा मेन स्वीच पाडला की पुढची वायर मेली. सोलर पॅनलचं तसं नाही. ऊन आहे तोवर पॅनलपासूनच्या वायरीत करंट असतोच, स्वीच पाडा नाहीतर डीपी बंद करा. शिवाय तो डीसी. घरातला एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उडालेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी पेटली की पेटतच राहते. पंधरा वर्षं मोटरी बांधलेल्या माणसाला हे कोणी शिकवलेलं नसतं. यासाठी 2015 पासून सूर्यमित्र नावाचं सरकारी प्रशिक्षण आहे. सोलर बसवणाऱ्याला त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

नवीन मीटरच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. परवानाधारक कंत्राटदाराने फिटिंग तपासून, अर्थिंग आणि इन्सुलेशन मोजून त्यावर सही-शिक्का द्यायचा असतो. गावोगाव होतं काय, वायरिंग करतो एक आणि सही येते दुसऱ्याची, ज्याने घर पाहिलेलंही नसतं. काम लवकर होतं, पैसेही थोडे वाचतात. पण त्या कागदाचा अर्थ एवढाच उरतो की घराचं अर्थिंग कोणीच तपासलं नाही.

याची किंमत कळायची असेल तर एक हिशेब पाहा. बोर्डात एमसीबी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. 6 अँपिअरचा एमसीबी 6000 मिलीअँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडत नाही. माणसाला धोका होतो तो 30 मिलीअँपिअरच्या पुढेच, म्हणजे 200 पट आधी. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबलं की तो पडला पाहिजे. महिन्यातून एकदा हे घरचं कोणीही करू शकतं.

अपघात झालाच तर चौकशी विद्युत निरीक्षक करतात. दोष मीटरच्या अलीकडे, महावितरणच्या लाइनवर होता की पलीकडे, ग्राहकाच्या फिटिंगमध्ये, हे त्यात पाहिलं जातं. मीटरच्या पुढची जबाबदारी ग्राहकाची असते. वायरिंग कोणी केलं, या प्रश्नाला तेव्हा नाव आणि परवाना क्रमांक लागतो. "गावातल्याच पोरानं केलं" हे उत्तर पोराला आणि घरमालकाला, दोघांनाही अडचणीत आणतं.

त्यामुळे काम देताना वायरमनचा परवाना आणि कंत्राटदाराची अनुज्ञप्ती दोन्ही मागा. अनुज्ञप्तीवरची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. बिल घ्या, त्यावर अनुज्ञप्ती क्रमांक लिहून घ्या. आणि ज्या पोराचा हात चांगला आहे पण कागद नाही, त्याला तोडण्यापेक्षा एखाद्या परवानाधारक कंत्राटदाराच्या हाताखाली काम करायला सांगा, आयटीआय झालेला असेल तर परवान्याचा अर्ज करायला लावा.