दीर्घ सूचना शब्द संगणक
दीर्घ सूचना शब्द संगणक : परस्परांवर अवलंबून नसलेल्या अनेक क्रियांच्या सूचना एकाच लांब शब्दात एकत्र करून त्या निरनिराळ्या क्रिया-एककांकडून एकाच वेळी पार पाडणारा संगणक. कोणत्या क्रिया एकत्र करता येतील हे इतर अनेक संगणकांत मंडले कार्यक्रम चालू असताना ठरवितात. येथे ते काम संकलकाकडे, म्हणजे कार्यक्रमाचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीकडे असते. त्यामुळे मंडलरचना सोपी होते.

(क×ख)+(ग×घ) या राशीतील दोन्ही गुणाकार एका शब्दात बसतात. बेरजेला मात्र थांबावे लागते. गुणाकारास तीन कालस्पंद लागत असतील, तर संकलक बेरीज तितक्या अंतरावर ठेवतो व मधल्या जागा इतर क्रियांनी भरतो. मूळ कल्पनेत यंत्र स्वतः थांबत नाही. अंतर चुकल्यास उत्तरच चुकते.

कार्यक्रमात थोड्याथोड्या सूचनांनंतर शाखा फुटत असल्याने एकत्र करण्याजोग्या क्रिया कमी मिळतात. यावर जोसेफ फिशर यांनी १९८१ मध्ये मार्ग-नियोजन पद्धती मांडली. तीत सर्वांत संभाव्य मार्ग सलग मानून क्रिया शाखांपलीकडे हलवितात व अन्य मार्गांवर भरपाईच्या सूचना घालतात. १९८३ मध्ये त्यांनी येल विद्यापीठात पाचशेहून अधिक बिटांच्या शब्दाच्या यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला. बी. रामकृष्ण राव प्रभृतींनी आवर्तनांसाठी वेगळी पद्धती विकसित केली. तीत एक फेरी संपण्यापूर्वीच पुढची सुरू होते.

फिशर यांच्या मल्टिफ्लो कंपनीच्या ट्रेस संगणकांत २५६ बिटांच्या शब्दात ७, तर १,०२४ बिटांच्या शब्दात २८ क्रिया मावत. ही कंपनी १९९० मध्ये बंद पडली.

या रचनेची मर्यादा तिच्या तत्त्वातच आहे. स्मृतीतून आधारसामग्री येण्यास किती वेळ लागेल, हे संकलकाला आधी निश्चित कळत नाही. एककांची संख्या बदलल्यास कार्यक्रम पुन्हा संकलित करावा लागतो आणि न भरलेल्या जागांमुळे स्मृती वाया जाते. १२८ बिटांच्या गठ्ठ्यात तीन सूचना ठेवणाऱ्या इटॅनियम प्रक्रियकात (२००१) यांपैकी काही दोषांवर उपाय योजले होते. तरी तो सर्वसाधारण वापरात रुजला नाही व २०२१ मध्ये त्याचा पुरवठा थांबला. याउलट ध्वनी व प्रतिमा यांच्या संस्करणातील आवर्तने नियमित आणि त्यांचा कालावधी पूर्वज्ञेय असतो. त्यामुळे टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या आठ एककांच्या संकेत-प्रक्रियकांत (१९९७) ही रचना यशस्वी ठरली.