सेफ्टी पिनसारखा दिसणारा शत्रू

बालमित्रांनो, नाशिकजवळचे भगूर गाव तुम्हांला स्वातंत्र्यवीर सावरकरांमुळे ठाऊक असेलच. त्यांचे वडील दामोदरपंत १८९९ साली प्लेगने गेले. त्या काळी घरात उंदीर पडू लागले, की माणसे गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. काखेत किंवा जांघेत गाठ आली, की घरच्यांचा धीर सुटे. हमखास औषधच नव्हते ना!

शत्रूचा पत्ता मात्र १८९४ मध्येच लागला होता. हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसिन यांनी रोग्यांच्या गाठीत हा जंतू शोधला. म्हणून त्याचे नाव येरसिनिया पेस्टिस. उंदरांवरच्या पिसवा चावल्या, की तो आपल्या अंगात शिरतो.

त्याला ओळखतात कसे? चला, प्रयोगशाळेत डोकावू या. गाठीतला द्रव सुईने काढून काचपट्टीवर पसरतात आणि रंगवतात. सूक्ष्मदर्शकातून काय दिसते? आखूड दांड्या, दोन्ही टोके गडद, मधला भाग फिका. अगदी बंद सेफ्टी पिनच! पण एवढ्यावर निकाल देत नाहीत बरं का. तसे दिसणारे दुसरेही जंतू असतात. मग तो वाढवून बघतात. बऱ्याच रोगजंतूंना आपल्या अंगाची ३७ अंशांची ऊब मानवते. याला २८ अंश बरे वाटतात. ठिपके नीट दिसायला दोन दिवस लागतात.

मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी तर पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. थेंबांखाली जंतूंचे झुबके लोंबू लागले! ते जंतू मारून त्यांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

१९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, तेव्हा लाखो लोक शहर सोडून पळाले. हा प्लेगच का, यावर तज्ज्ञांत वाद झाला. पुढे जंतूंच्या जनुकांच्या तपासणीने तो प्लेगच ठरला.

आज प्रतिजैविके वेळेवर मिळाली, तर रोगी बरा होतो. म्हणून डॉक्टर नमुना तपासणीला पाठवतात, पण निकालाची वाट न पाहता औषध सुरू करतात. आणि तुमचे काम? एकाएकी खूप उंदीर मेलेले दिसले, तर हात लावू नका. मोठ्यांना सांगा, ते आरोग्य खात्याला कळवतील.